पेनिसिलीनच्या टाकीतला प्रिकर्सर: बुरशी त्याचं काय करते आणि आपण तो किती द्यायचा

आमच्या कोपरीतल्या इमारतीत राहणारी एक मुलगी यंदा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. गेल्या महिन्यात वही घेऊन आली आणि म्हणाली, “काका, पुस्तकात लिहिलंय की पेनिसिलीन बनवायला बुरशीला प्रिकर्सर देतात. म्हणजे ते तिचं खाद्यच ना?” मी ठाणे–बेलापूर पट्ट्यात बरीच वर्षं फर्मेंटेशनच्या, म्हणजे मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून औषध काढण्याच्या, शिफ्ट केल्या. शिफ्टला नवीन येणारी जवळजवळ सगळीच मुलं-मुली हाच प्रश्न याच शब्दांत विचारायची. उत्तर नीट कळलं नाही तर पुढे टाकीवर चुका होतात, म्हणून तिला चार संध्याकाळी बसून जे समजावलं ते इथे सगळं लिहून काढतो आहे. सोबत कॅल्क्युलेटर ठेवा.

प्रिकर्सर म्हणजे पूर्वद्रव्य: ज्याचा तुकडा जसाच्या तसा अंतिम रेणूत जाऊन बसतो असं द्रव्य. ते खाद्य नाही. बुरशीचं खाद्य म्हणजे साखर, अमोनिया, गंधकाचे क्षार, फॉस्फेट. प्रिकर्सर दिला नाही तरी बुरशी जगते, वाढते, पेनिसिलीनही बनवते. फक्त ते कोणत्या प्रकारचं बनेल यावर मग आपला ताबा राहत नाही.

आधी बुरशी ओळखा

वाशीच्या फळबाजारात पावसाळ्यात मोसंबीच्या पेटीवर हिरवी-निळी बुरशी दिसते. तीही पेनिसिलियमच, पण ती पेनिसिलियम डिजिटॅटम किंवा पेनिसिलियम इटॅलिकम, कारखान्यातली नव्हे. घरच्या पावावर आलेली बुरशी कोणती, हे डोळ्यांनी सांगता येत नाही आणि तिच्यात विषारी द्रव्यं असू शकतात. ती जखमेला लावणं, तिच्यापासून औषध करणं, असला प्रयोग कधीही करू नका. हा लेख समजून घेण्यासाठी आणि कागदावर हिशोब करण्यासाठी आहे.

कारखान्यातली बुरशी पेनिसिलियम क्रायसोजेनम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये जी सापडली तिचं नाव तेव्हा नोटॅटम ठेवलं होतं. उद्योगातले आजचे वाण मात्र अमेरिकेतल्या पिओरिया गावी १९४३ मध्ये एका सडक्या खरबुजावर सापडलेल्या बुरशीचे वंशज आहेत. त्यांच्यावर क्ष-किरण, अतिनील किरण आणि रसायनांचा मारा करून, पिढ्यान् पिढ्या निवड करून उत्पादन वाढवलं गेलं.

प्रिकर्सरची गोष्टही पिओरियाचीच. तिथे अँड्र्यू मोयर यांनी मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं टाकाऊ पाणी, कॉर्न स्टीप लिकर, माध्यमात घातलं आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. नंतर एक मजेशीर फरक लक्षात आला: इंग्लंडमध्ये बनणारं पेनिसिलीन मुख्यतः ‘एफ’ होतं आणि अमेरिकेतलं ‘जी’. कॉर्न स्टीपमध्ये फिनाईल गट असलेली संयुगं होती, बुरशी तीच उचलून रेणूला जोडत होती. मग ते संयुग शुद्ध रूपात थेट का देऊ नये? तिथून फिनाईल ॲसेटिक आम्ल टाकीत आलं. त्याला पुढे पीएए म्हणतो, शिफ्टवर सगळे तेच म्हणतात.

बुरशीच्या पेशीत काय घडतं

हा भाग घाईने वाचू नका. पुढचा सगळा हिशोब यावर उभा आहे.

पेनिसिलीनचा गाभा तीन अमिनो आम्लांतून बनतो: अमिनोॲडिपिक आम्ल, सिस्टीन आणि व्हॅलीन. सिस्टीनमधून गंधक येतो, म्हणूनच टाकीत सल्फेट कमी पडून चालत नाही. अमिनोॲडिपिक आम्ल हे बुरशीच्या लायसीन बनवण्याच्या वाटेवरचं मधलं स्टेशन आहे. लायसीन जास्त झालं की बुरशी ती वाट सुरुवातीलाच बंद करते, अमिनोॲडिपिक आम्ल आटतं आणि पेनिसिलीनही घसरतं. माध्यमात लायसीन भरपूर असलेला कच्चा माल घालताना हे लक्षात ठेवा.

एक अवाढव्य एन्झाइम या तिघांना ओळीने जोडतं आणि जोडता जोडता व्हॅलीनची घडण उलटी करतं, म्हणजे डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात जावा तशी. या तीन मण्यांच्या माळेला एसीव्ही म्हणतात. माळ अजून सरळ आहे, तिच्यात जंतू मारण्याची ताकद नाही.

दुसरं एन्झाइम, आयसोपेनिसिलीन एन सिंथेज, लोहाच्या अणूच्या मदतीने हवेतला ऑक्सिजन वापरून त्या माळेतले चार हायड्रोजन काढतं. पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात आणि सरळ माळ वळून दोन वलयं एकदम तयार होतात: एक चार कोनांचं बीटा-लॅक्टम वलय, त्याला चिकटलेलं दुसरं गंधकाचं. प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञांना जे वलय बांधायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं ते ही बुरशी एका एन्झाइममध्ये, २५ अंशांना, पाण्यात करते. इतकी वर्षं झाली तरी मला याचं नवल वाटतं. इथे ऑक्सिजन श्वासापुरता नाही, तो थेट रेणू बनवण्याच्या कामाला लागतो, हेही मनात ठेवा.

आता बनलेल्या रेणूचं नाव आयसोपेनिसिलीन एन. गाभा पेनिसिलीनचा, पण बाजूची साखळी अजून अमिनोॲडिपिक आम्लाचीच. तिसरी पायरी इथून सुरू होते आणि प्रिकर्सरचं काम हेच.

ठाण्याहून नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन पूर्वी इगतपुरीला बदलायचे, आठवतं? डबे तेच, प्रवासी तेच, पुढचं इंजिन काढायचं आणि दुसरं जोडायचं. पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या छोट्या कप्प्यात नेमकं हेच होतं. ॲसिलट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम अमिनोॲडिपिक आम्लाचं इंजिन सोडवतं आणि जागेवर असेल ते दुसरं इंजिन जोडतं. सुटलेलं इंजिन वाया जात नाही, ते पुढच्या माळेसाठी परत वापरता येतं.

पण पीएए थेट जोडलं जात नाही. आधी दुसरं एक एन्झाइम त्याला को-एन्झाइम ए लावून तयार करतं, त्यासाठी एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची, ऊर्जा खर्ची पडते. इंजिन यार्डात उभं असून भागत नाही, ते सुरू करून रुळावर आणावं लागतं तसं. पीएए जोडलं की पेनिसिलीन जी. फिनॉक्सी ॲसेटिक आम्ल दिलं की पेनिसिलीन व्ही, जे जठरातल्या आम्लात टिकतं आणि म्हणून गोळीतून देता येतं; त्याचा हा गुण ऑस्ट्रियातल्या कुंडल इथे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आला. काहीच दिलं नाही तर बुरशी स्वतःची मेदाम्लं जोडते आणि ‘एफ’, ‘के’ अशी मिश्रणं निघतात. थोडा माल बाजूच्या साखळीविना तसाच उरतो. तो बिनइंजिनाचा गाभा म्हणजे ६-एपीए. त्याच्याकडे शेवटी परत येऊ.

एकदम ओतायचं का नाही

मुलीने विचारलं, “मग पहिल्याच दिवशी सगळं पीएए टाकून मोकळं का होत नाहीत?” तीन कारणं आहेत, पण पहिलं बाकी दोघांपेक्षा फार मोठं आहे.

पीएए बुरशीला विषारी आहे. त्याचे द्रावणात दोन अवतार असतात: हायड्रोजन सोडलेला, विद्युतभारित, आणि न सोडलेला, बिनभाराचा. बिनभाराचा अवतार पेशीच्या पटलातून आपोआप आत शिरतो. आत पीएच जास्त, म्हणजे आंबटपणा कमी, असल्यामुळे तो हायड्रोजन सोडतो आणि पेशी आतून आंबते. बाहेर हायड्रोजन ढकलण्यात बुरशीची ऊर्जा जाते.

किती भाग बिनभाराचा, हे पीएच ठरवतो. पीएएचा पीके-ए, म्हणजे ज्या पीएचला दोन्ही अवतार निम्मे-निम्मे असतात तो आकडा, ४.३१ आहे. टाकीचा पीएच ६.५ असेल तर फरक २.१९, आणि १० चा २.१९ वा घात म्हणजे साधारण १५५. म्हणजे १५६ रेणूंत एक बिनभाराचा. पीएच ५.५ वर घसरला तर फरक १.१९, घात साधारण १५.५, म्हणजे साडेसोळा रेणूंत एक. टाकीत पीएए तेवढंच आहे, कुणी थेंबही वाढवलेला नाही, तरी बुरशीच्या अंगावर येणारा मारा जवळजवळ साडेनऊ पट झाला.

हे मी एका रात्री पाहिलं आहे. पीएचचा प्रोब सरकला होता, पडद्यावर ६.५ दिसत होतं आणि टाकीत प्रत्यक्षात बरंच कमी होतं. पहाटेपर्यंत ऑक्सिजनचा वापर कोसळला. लॉगशीटवरचा प्रत्येक आकडा बरोबर दिसत असताना बुरशी मरत होती. तेव्हापासून दर शिफ्टला सॅम्पल काढून बाहेरच्या मीटरवर पीएच पडताळल्याशिवाय मी सही केली नाही, आणि तुम्हीही करू नका.

उरलेली दोन कारणं थोडक्यात. बुरशीकडे पीएए जाळून टाकण्याचीही एक वाट आहे, एक एन्झाइम त्यावर हायड्रॉक्सिल गट बसवतं आणि मग ते तुटून साखरेसारखं खर्ची पडतं. निवडलेल्या औद्योगिक वाणांत ही वाट अधू आहे, पूर्ण बंद नाही. आणि तिसरं, काढणीच्या वेळी ब्रॉथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रवात, उरलेलं पीएए पेनिसिलीनच्या मागोमाग सॉल्व्हंटमध्ये (ते ओढून घेणाऱ्या द्रावकात) जातं आणि शुद्धीकरणाला त्रास देतं.

म्हणून ठिबक सिंचनासारखं द्यायचं: जितकं लागतं तितकं, सतत. टाकीत शिल्लक पीएए साधारणतः लिटरला १ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात. नेमकी मर्यादा प्रत्येक वाणाची वेगळी, ती तुमच्या कारखान्याच्या बॅच रेकॉर्डमधून घ्या.

हिशोब: पूर्ण बॅचसाठी

पीएएचा रेणुभार १३६.१५, पेनिसिलीन जी आम्लाचा ३३४.४. एका रेणूला एक रेणू लागतो, म्हणून १ किलो पेनिसिलीन जीला १३६.१५ भागिले ३३४.४, म्हणजे ०.४०७ किलो पीएए. व्हीसाठी फिनॉक्सी ॲसेटिक आम्ल १५२.१५ आणि पेनिसिलीन व्ही ३५०.४, म्हणून ०.४३४ किलो. इथे एक चूक हमखास होते: प्रयोगशाळेचा अहवाल पेनिसिलीन जी पोटॅशियमच्या हिशोबात असतो आणि आपण आम्लाचा गुणक लावतो. पोटॅशियम क्षाराचा रेणुभार ३७२.५, त्याचा गुणक ०.३६६. आधी अहवालाचं एकक वाचा.

सरावासाठी आकडे धरू. शेवटी ब्रॉथ ८०,००० लिटर, पेनिसिलीन जी लिटरला ४० ग्रॅम. एकूण ३,२०० किलो. त्यात अडकलेलं पीएए ३,२०० गुणिले ०.४०७, म्हणजे १,३०२ किलो. दिलेल्यापैकी ९० टक्केच रेणूत बसलं असं धरा, तर १,३०२ भागिले ०.९, साधारण १,४४७ किलो. हरवलेल्या १० टक्क्यांत जळालेलं आणि टाकीत उरलेलं दोन्ही येतं. लिटरला ०.५ ग्रॅम शिल्लक असेल तर ती ४० किलो. उरलेले १०५ किलो बुरशीने जाळले. वाण सुधारायचा की फीड, म्हणजे टाकीत सतत सोडायचा पुरवठा, हे या दोन आकड्यांच्या तुलनेतून कळतं.

हिशोब: या तासासाठी

शिफ्टवर खरं काम याचं. समजा टाकीत आत्ता ६०,००० लिटर ब्रॉथ आहे आणि मागच्या दोन सॅम्पलवरून पेनिसिलीन दर तासाला लिटरमागे ०.३ ग्रॅम वाढतं आहे. म्हणजे तासाला १८ किलो. त्याला पीएए ७.३ किलो, दहा टक्के तूट धरून ८.१ किलो.

पीएए पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते कॉस्टिकने उदासीन करून सोडियम क्षाराच्या रूपात देतात. द्रावणात लिटरला २५० ग्रॅम पीएए असेल तर पंप तासाला साधारण ३२.५ लिटरवर लावायचा.

आता आठ तासांनी एचपीएलसीचा (सॅम्पलमधलं प्रत्येक द्रव्य आलेखावर वेगळं शिखर म्हणून दाखवून मोजणाऱ्या यंत्राचा) निकाल आला: शिल्लक पीएए ०.५ वरून ०.८ ग्रॅम झालं. वाढ ०.३ गुणिले ६०,००० लिटर, म्हणजे १८ किलो जास्तीचं साठलं. तासाला २.२५ किलो, द्रावणाच्या भाषेत ९ लिटर. पंप २३.५ लिटरवर आणला तर वाढ थांबेल. शिल्लक खाली आणायची असेल तर काही तास आणखी कमी.

पण पंपाला हात लावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपण जास्त दिलं, की बुरशीने कमी घेतलं? कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. पंपाचं मोजमाप तपासा, मोजनळीत एका मिनिटाचं द्रावण धरून. ते बरोबर असेल तर दोष टाकीत आहे, आणि नुसता पंप कमी करून तो लपतो. ऑक्सिजन बघा. ब्रॉथ बुरशीच्या तंतूंनी दाट झाला की हवा नीट मिसळत नाही, आणि वीज जाऊन ढवळणी दोन-पाच मिनिटं जरी थांबली तरी ऑक्सिजन संपतो. वलय बांधणारं एन्झाइम थांबलं की जोडायला गाभाच नाही, मग पीएए साठत जातं. साखरेचा फीड बघा: जास्त साखर मोकळी राहिली तर बुरशी पेनिसिलीन सोडून वाढीच्या मागे लागते. जुन्या काळी त्यासाठीच हळू पचणारं लॅक्टोज वापरत, आता ग्लुकोज थोडं थोडं देतात. तापमान बघा. टाकी २५ अंशांच्या आसपास ठेवायची असते आणि आपल्याकडे मे-जूनच्या दमट हवेत कूलिंग टॉवरचं पाणी २५ अंशांखाली येऊच शकत नाही, सगळा भार चिलरवर असतो. पावसाआधीच्या त्या आठवड्यांत चिलर दमला की त्याचा परिणाम काही तासांनी पीएएच्या आकड्यात उमटतो.

उलट बाजूही तितकीच वाईट. शिल्लक शून्यावर आली तर टाकी शांत दिसते, बुरशी खुशीत असते, आणि एचपीएलसीवर आयसोपेनिसिलीन एन आणि ६-एपीएची शिखरं वाढतात. गाभा बनला, इंजिन मिळालं नाही. तो माल पेनिसिलीन जी म्हणून विकता येत नाही. हायड्रॉक्सी पीएएचं शिखर वाढलं तर बुरशी प्रिकर्सर जाळते आहे. वाण बिघडला आहे का, सीडच्या टाकीपासून (जिथे मोठ्या टाकीसाठी बुरशीचं विरजण वाढवतात) मागे जाऊन पाहा.

हाताळणीबद्दल

पीएएचा वास अगदी विरळ असताना मधासारखा, जास्त असताना घामट आणि चिकट. कपड्यांत बसतो. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये रबाळ्याहून चढल्यावर शेजारचा माणूस सरकून बसायचा, हे माझ्या पिढीतल्या अनेकांना आठवेल. हातमोजे, गॉगल, आणि घरी जाण्याआधी कपडे बदलणं हे सक्तीचं माना. हे आम्ल अमली पदार्थांसाठी गैरवापर होत असल्याने नियंत्रित रसायनांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे प्रत्येक पिंपाची नोंद ठेवावी लागते. विद्यार्थ्यांनी ते स्वतःहून मागवण्याच्या फंदात पडू नये. आणि पेनिसिलीनची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून या विभागातला माणूस, कपडे, हवा, काहीही दुसऱ्या औषधांच्या विभागात जात नाही.

काढणी, आणि पीएएचा परतीचा प्रवास

काढणीच्या काही तास आधी पीएएचा फीड थांबवायचा, म्हणजे बुरशी उरलेलं संपवते. मग ब्रॉथ गाळतात, थंड करतात, आम्ल घालून पीएच २ ते २.५ वर आणतात आणि लगेच ब्युटिल ॲसिटेटमध्ये पेनिसिलीन ओढून घेतात. या पीएचला पेनिसिलीन भराभर तुटतं, म्हणून सगळं थंडीत आणि मिनिटांच्या हिशोबात. पीएएही याच पीएचला बिनभाराचं होऊन सॉल्व्हंटमध्ये शिरतं. फीड वेळेवर थांबवला नसेल तर तो निष्काळजीपणा इथे दिसतो. पुढे पोटॅशियमच्या द्रावणात परत घेऊन स्फटिक करतात.

आज जगातल्या पेनिसिलीन जीचा मोठा भाग इंजेक्शनला जात नाही, तो ६-एपीए बनवायला जातो. प्रिकर्सर न दिलेल्या ब्रॉथमध्ये हा गाभा असतो, हे १९५०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या बीचॅम कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं आणि ॲम्पिसिलीन, ॲमॉक्सिसिलीनचं दार उघडलं. पण थेट ६-एपीए फारच थोडं मिळतं. म्हणून आधी पीएए देऊन भरपूर पेनिसिलीन जी करायचं, आणि मग पेनिसिलीन ॲसिलेज या एन्झाइमने ते पीएए पुन्हा कापून काढायचं. मुलगी इथे हसली, “जोडायचं आणि परत सोडायचं?” हो, कारण ते इंजिन जोडल्याशिवाय गाडी टाकीतून भरघोस बाहेर येत नाही.

आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. पुढे स्वस्त चिनी मालासमोर देशातलं पेनिसिलीन जी बंद पडलं. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ ते पुन्हा सुरू झालं, त्यामुळे हे काम शिकलेल्या मुलांना आता परत विचारणा होऊ लागेल अशी मला मनापासून आशा आहे.

१ किलो ६-एपीए कापून काढताना ०.६३ किलो पीएए सुटतं. ते आम्ल घालून वेगळं करतात, शुद्ध करतात आणि सोडियम क्षार बनवून पुन्हा फर्मेंटरच्या फीड टाकीत आणतात. या परत आलेल्या पीएएचा पहिला लॉट वापरण्याआधी त्यात सॉल्व्हंटचे अंश आणि तुटलेल्या पेनिसिलीनचे अवशेष किती आहेत ते तपासून घ्या, आणि पहिले दोन दिवस शिल्लक पीएएचं सॅम्पल आठ तासांऐवजी चार तासांनी काढा.